दोन लाद्या

माझा बर्फाचा कारखाना आहे, देवगडच्या बंदराला लागून.
सुरमई, बांगडा, सौंदाळे,
सगळ्यांना माझ्याकडूनच पुढे जावं लागतं.
आणि कधीमधी माणसालाही,
ज्याचा मुलगा लांब आहे
आणि तो येईपर्यंत थांबायचं आहे.

मासळीचा बर्फ मी मशीनमध्ये भुगा करून देतो.
माणसाची लादी अखंड जाते.
तिचे पैसे वडिलांनी कधी घेतले नाहीत.
मी घेतो. निम्मे.

संध्याकाळी मेसेज आला:
२ लाद्या. कोयंडे. अर्जंट.
खाली नकाशावरची लाल टाचणी.
मी अंगठा पाठवला.
मग वाचलं.

आपा कोयंडे. म्हणजे ज्यांनी मला पाचवीत असताना
वल्हं धरायला शिकवलं,
आणि माझी मूठ चुकली की
वल्ह्याचीच मूठ बोटांवर हाणली.
अंगठा तसाच राहिला. काढता येतो म्हणतात,
मला तेवढं येत नाही.

गावच्या ग्रुपवर तोवर हात जोडून झाले होते.
एकशे सत्तेचाळीस जोड्या. मोजल्या मी,
हिशेबाची सवय.
मधेच कुणीतरी पेटीचा भाव टाकलेला,
त्यावर दोन हसरे चेहरे,
पुन्हा हात, हात, हात.

आठाला दिगूचा फोन, टेम्पोवरून:
"भाऊ, लादी उचलूक मानूस नाय.
मी आसय नि काकी आसा."

लादी चौघांची असते.
एकशे तीस किलो, गोणपाटात, तुसात, तरी निसरडी.
तिरडीसारखेच तिला चार कोपरे.

वाडीत खिडक्या-खिडक्यांत निळसर उजेड.
दारं लावलेली नव्हती, हे सांगायला हवं.
जुवाटकरांचा पंकज पडवीत बसून
आपांचाच फोटो शोधत होता,
स्टेटसला ठेवायला, जरा हसरा.
मान वर न करता म्हणाला, "लय वायट झाला."
डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरंच होतं.
एक थेंब पडद्यावर पडला,
त्यानं तो बोटानं पुसला
आणि फोटो पुढे सरकला.

पूर्वी सगळे धावत यायचे, असं मी म्हणणार नाही.
आजोबांच्या वेळी याच वाडीनं
एक घर वाळीत टाकलं होतं, विहिरीसकट,
तीन पावसाळे.
पण तेव्हा तोंड फिरवायला
मान तरी हलवावी लागायची.

शेवटी जेटीवर परत गेलो.
एका होडीवर भात शिजत होता.
टेकबहादूर आणि त्याचा मेहुणा, खलाशी,
यंदाच नेपाळातून आलेले.
ग्रुपमध्ये नाहीत. गावातही त्यांना कुणी धरत नाही.
कोण गेलं, ते त्यांनी विचारलं नाही.
किती जड आहे, एवढंच विचारलं
आणि स्टो बंद केला.

असे चौघं झालो.
सत्यवतीकाकी बॅटरी धरून पुढे.
उंबऱ्यावर लादी कलली,
तेव्हा टेकबहादूर आपांना हळूच काहीतरी म्हणाला,
त्याच्या भाषेत.
मला कळलं नाही.
काकीला कळलं असावं.
दुपारपासून कोरडी होती,
तेव्हा रडायला लागली.

रात्रभर घमेल्यात पाणी ठिबकत होतं.
दुसरी लादी फोडून कडेनं लावली, हातांनीच.
बर्फवाल्याला एक माहीत असतं:
हात बधिर झाला की काही दुखत नाही,
आणि तिथंच घाबरायचं.
मग कधीतरी टोकांना मुंग्या येतात,
कळ उठते, नको नको होतं.
तेव्हा समजायचं, हात परत येतोय.

पहाटे आम्ही चुलीपाशी बोटं चोळत बसलो होतो.
खिशात फोन थरथरला.
मुलगा असेल, मस्कतच्या विमानतळावरून.
पडदा माझी बोटं ओळखेना,
इतकी ओली होती,
इतकी गार.